कुकरमधला लिंबूभात वारंवार का बिघडतो?

लिंबूभात हा पदार्थ इतका साधा आहे की तो बिघडला तर दोष नेमका कशाला द्यावा, तेच कळत नाही. तांदूळ तोच असतो, कुकर तोच असतो, लिंबेही त्याच टोपलीतली असतात. तरीही एकदा भात कडू लागतो, दुसऱ्यांदा त्यात लिंबाचा मागमूसही नसतो, आणि तिसऱ्यांदा वरचा भात मोकळा असूनही तळाशी तपकिरी खरवड धरलेली असते. माझ्याकडे हे इतक्या वेळा घडले की शेवटी एका वेळी एकच गोष्ट बदलून, अर्ध्या अर्ध्या वाटीचे भात लावून पाहण्याचा कंटाळवाणा मार्ग मी पत्करला. त्यातून जे कळले ते असे की या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच असते: तांदूळ आणि लिंबू ही दोन्ही एकाच वेळी, एकाच झाकणाखाली कोंडली जातात, आणि तांदळाला जे मानवते ते लिंबाला सोसत नाही.

कुकर पूर्ण दाबावर असतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोने जास्त असतो आणि त्यामुळे आतले पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. विजेवर चालणाऱ्या अनेक कुकरांत दाब थोडा कमी असतो, त्यामुळे तेथे तापमान ११५ ते ११८ अंशांपर्यंत राहते. तांदळातील स्टार्च मात्र साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यानच पाणी शोषून फुगतो. म्हणजे भाताला १२० अंशांची गरज मुळात नसते, कुकर आपला केवळ वेळ आणि इंधन वाचवतो. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली दाबाखाली शिजवण्याचे पहिले बंद भांडे तयार केले ते हाडे मऊ करण्यासाठी, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा भांड्यात लिंबासारखी नाजूक वस्तू कोंडणे किती धाडसाचे आहे याची कल्पना येते.

लिंबात आपल्या कामाच्या तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि उष्णतेपुढे त्या तिन्ही निरनिराळ्या वागतात. रसातला आंबटपणा सायट्रिक आम्लामुळे येतो. ते वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून कितीही शिट्ट्या झाल्या तरी भात आंबटच राहतो. वास प्रामुख्याने सालीच्या रंगीत थरातील तेलाच्या सूक्ष्म पिशव्यांत असतो आणि तो वाफेबरोबर सहज निघून जातो. तिसरी गोष्ट म्हणजे साल आणि गर यांच्यामधल्या पांढऱ्या थरातला व बियांतला कडूपणा, जो तापवल्यावर कमी होण्याऐवजी वाढतो. सगळे लिंबू कुकरमध्ये घातल्यावर जे आंबट, बिनवासाचे आणि किंचित कडू मिश्रण हाती येते, त्याचे कारण एवढेच आहे.

भात कडू का होतो

कडूपणाची तक्रार सर्वांत फसवी असते, कारण रस पिळताना चाखून पाहिला तर तो मुळीच कडू लागत नाही. लिंबूवर्गीय फळांच्या पांढऱ्या थरात आणि बियांत असे एक द्रव्य असते की जे मूळ स्थितीत कडू नसते. फळ चिरून पिळल्यावर पेशी फुटतात, ते द्रव्य रसातील आम्लाच्या संपर्कात येते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन या अतिशय कडू पदार्थात रूपांतर होऊ लागते. गार रसात याला काही तास लागतात; उष्णतेत हेच काम फार लवकर उरकते. लिमोनिनचा कडूपणा दहा लाख भागांत सुमारे ६ भाग इतक्या अल्प प्रमाणातही जिभेला जाणवतो. (लिंबाच्या सालीच्या तेलात सर्वाधिक असणाऱ्या द्रव्याचे नाव लिमोनीन आहे. मराठीत लिहिताना दोन्ही नावांत एका ऱ्हस्व-दीर्घाचाच फरक उरतो, पण एक हवेहवेसे आणि दुसरे नकोसे, एवढे अंतर त्या दोहोंत आहे.)

त्यामुळे सकाळी पिळून ठेवलेला रस संध्याकाळच्या भाताला वापरला आणि तोही तांदळाबरोबर कुकरमध्ये घातला, तर कडूपणाला दोन्ही बाजूंनी आमंत्रण दिल्यासारखे होते. मला हे उमगायला बराच काळ लागला, कारण माझा भात एक दिवस चांगला होई आणि एक दिवस बिघडे, आणि मी लिंबांच्या प्रतीला दोष देत असे. प्रत्यक्षात फरक इतकाच होता की ज्या दिवशी घाई असे त्या दिवशी मी रस ऐन वेळी पिळत असे आणि भात चांगला होई. ज्या दिवशी निवांत तयारी करीत असे त्या दिवशी तो बिघडे.

रस पिळण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. लिंबू अर्धे चिरून पिळणीत शेवटच्या थेंबापर्यंत दाबले की सालीचा पांढरा थर पिळवटला जातो आणि एखादी बीही फुटते. हाताने पिळून, उरलेला थोडा रस सालीत राहू देऊन आणि रस लगेच बारीक गाळणीतून गाळून घेतला तर ही अडचण बहुतांशी मिटते. पिळून झालेल्या फोडी वासासाठी म्हणून कुकरमध्ये टाकण्याची सवय अनेकांना असते. ती पूर्णपणे सोडावी, कारण त्या फोडींत वास थोडा आणि पांढरा थर भरपूर उरलेला असतो. किसलेल्या सालीबाबत गफलत होते ती खोलीची. किसणीवरून लिंबू एका जागी दोनदा फिरवले की रंगीत थर संपून पांढरा थर सुरू होतो. म्हणून प्रत्येक जागेवरून एकदाच किसावे, लिंबू सतत फिरवत राहावे आणि किसात पांढरट कण दिसू लागले की थांबावे.

कडूपणा नेमका कोठून येतो आहे हे ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी करता येते. त्याच रसाचे दोन चमचे एका लहान स्टीलच्या भांड्यात घेऊन त्यात तितकेच पाणी घालावे, दोन-तीन मिनिटे उकळावे आणि निवल्यावर चाखावे. ते कडू लागले तर दोष रसात आहे असे समजावे, मग तो पिळण्यामुळे आलेला असो वा शिळेपणामुळे. ते नुसतेच आंबट लागले तर दोष सालीच्या किसात शोधावा. पपनस आणि ग्रेपफ्रूट ही फळे मात्र या चाचणीत बसत नाहीत. त्यांत नारिंजिन नावाचे वेगळे कडू द्रव्य आधीपासूनच असते, त्यामुळे त्यांचा भात थोडा कडवट लागणारच आणि ज्यांना तो आवडतो त्यांनीच तो करावा.

लिंबाचा वास उरत नाही

कुकरच्या शिट्टीबरोबर स्वयंपाकघरात लिंबाचा सुगंध दरवळला की भात उत्तम झाला असे वाटते. वस्तुतः जो वास आपल्या नाकापर्यंत आला तो भातातून गेलेला असतो. लिमोनीनचा उत्कलनबिंदू १७६ अंश असला तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते त्याहून पुष्कळ कमी तापमानालाच बाहेर पडते. फुलापानांपासून सुगंधी तेले वाफेने काढतात ती याच गुणधर्माच्या आधारे. प्रत्येक शिट्टी म्हणजे त्या तेलाचा एक हप्ता हवेत सोडणे होय. शिवाय लिंबाला लिंबाची ओळख देणारे सिट्राल हे द्रव्य आम्ल आणि उष्णता यांच्या एकत्रित माऱ्यापुढे टिकत नाही, त्यामुळे मागे जो काही वास उरतो तोही ताज्या लिंबाचा न राहता शिजवलेल्या सालीसारखा होतो.

यावर रस वाढवणे हा उपाय नव्हे, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक होते. वास कमी वाटला म्हणून एकाऐवजी दोन लिंबे पिळली तर भात दुप्पट आंबट होतो, पण वास जवळपास तितकाच राहतो, कारण रसात वासाची द्रव्ये मुळातच थोडी असतात. वाढवायची असेल तर साल वाढवावी आणि ती झाकण उघडल्यानंतर घालावी. किसलेली साल चिमूटभर मिठाबरोबर बोटांनी चोळली की तेलाच्या पिशव्या फुटतात. मग ती चमचाभर कोमट तुपात किंवा वास नसलेल्या तेलात मिसळून पाच मिनिटे ठेवावी. वासाची ही द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात मात्र चांगली विरघळतात, आणि तूप शितांवर पसरले की त्याच्याबरोबर वासही सगळीकडे पोहोचतो. तूप कोमटच असावे. कडकडीत तुपात साल घातली तर कुकरने जे केले असते तेच तूप करील.

ज्या फळांच्या सालीवर चकाकीसाठी मेणाचा थर दिलेला असतो ती फळे आधी गरम पाण्याने धुऊन खरखरीत फडक्याने पुसावीत. बाटलीतला तयार रस केवळ आंबटपणासाठी चालतो. त्याला ताज्या फळाच्या सालीची जोड दिली नाही तर भातात लिंबू आहे हे सांगावे लागते. शिजतानाच थोडा गंध उतरावा असा आग्रह असेल, तर सोलाण्याने काढलेली, पांढरा भाग नसलेली सालीची एक रुंद पट्टी कुकरमध्ये घालून भात झाल्यावर काढून टाकावी. त्याने एक मंद, पक्व गंध येतो, पण तो ताज्या वासाची जागा घेत नाही. हिरवी कोथिंबीर घालणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा, कारण आम्ल आणि उष्णता यांमुळे पानांतील हरितद्रव्य बदलून पाने शेवाळी तपकिरी दिसू लागतात.

भात गिचका होतो किंवा त्यात कणी राहते

या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, तरी एकाच भातात त्या दोन्ही आढळू शकतात. मी एकदा निम्मे पाणी आणि निम्मा रस घेऊन भात लावला, तेव्हा शिते बाहेरून बुळबुळीत आणि मध्यभागी टणक निघाली. आंबट पाण्यात कडधान्ये लवकर शिजत नाहीत, हा अनुभव सर्वांचाच आहे. वनस्पतींच्या पेशींच्या भिंती आम्लात सहजासहजी मऊ होत नाहीत, हे त्याचे कारण. तांदळाचे तंत्र तेच नसले, तरी रस जसजसा कमी करत गेलो तसतशी ही तक्रार कमी होत गेली आणि रस पूर्णपणे नंतर घालू लागल्यावर ती थांबली. एका वाटी तांदळाच्या पाण्यात पाव चमचा रस घातल्याने मात्र बिघाड होत नाही. उलट पाणी थोडे क्षारयुक्त असेल तर भाताला येणारी पिवळट छटा त्याने जाते आणि भात पांढराशुभ्र दिसतो.

दुसरे कारण साध्या हिशेबाचे आहे. रस हाही द्रवच आहे, हे आपण विसरतो. एका लिंबातून आकारानुसार २० ते ४५ मिलिलिटर रस निघतो. दोन मोठ्या लिंबांचा रस नेहमीच्या मापाच्या पाण्यात वर घातला तर ८०-९० मिलिलिटर जादा द्रव कुकरमध्ये जातो आणि वाटीभर तांदळाचा भात आसट व्हायला तो पुरेसा असतो. रस शिजल्यानंतर घालायचा असेल तरीही हा हिशेब चुकत नाही, कारण गरम भात तो शोषून घेतो. म्हणून जितका रस घालणार त्याच्या साधारण निम्मे पाणी शिजवतानाच कमी करावे.

पाण्याचे माप सर्व कुकरांना एक नसते. विजेवरच्या कुकरातून शिजताना वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही, त्यामुळे धुतलेल्या लांब दाण्याच्या तांदळाला तितकेच माप पाणी पुरते, आणि पूर्ण दाब आल्यानंतर ४ ते ५ मिनिटे व त्यापुढे वाफ आपोआप जिरण्यासाठी १० मिनिटे एवढा वेळ पुरे होतो. शिट्टीच्या कुकरात प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी जाते, म्हणून अर्धा तास भिजवून निथळलेल्या तांदळाला दीडपट पाणी घ्यावे. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर चिकटतो, जुना जास्त पितो आणि मोकळा होतो. तेव्हा पाकीट किंवा पोते बदलले की पहिला भात चाचणीचा समजावा. लिंबूभाताला लांब दाण्याचा, अमायलोज (शिते मोकळी ठेवणारा स्टार्चचा एक प्रकार) जास्त असलेला तांदूळच योग्य, कारण वरून रस घातल्यावर आखूड, चिकट दाण्याचा भात हमखास गोळा होतो.

शिट्ट्या हे घड्याळ नव्हे, हेही येथेच सांगायला हवे. मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या मिनिटाभरात होतात आणि मंद आचेवर त्यांनाच दहा मिनिटे लागतात. दोन्हीकडे आकडा दोनच असतो, भात मात्र वेगळा होतो. पहिली शिट्टी होताच आच मंद करून घड्याळात ४ मिनिटे मोजावीत आणि मग गॅस बंद करावा, एवढ्या एका बदलाने माझ्या भाताचा लहरीपणा निम्म्याने कमी झाला. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून किंवा कुकर नळाखाली धरून वाफ काढण्याचा मोह टाळावा. दाब एकाएकी उतरला की आतले अतितप्त पाणी खळखळून उकळते, शिते फुटतात, त्यांतला स्टार्च बाहेर येतो आणि रस घालून हलवल्यावर त्याचीच खळ बनते. वाफ जिरल्यावर झाकण काढून भात पाच मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग पसरट ताटात काट्याने मोकळा करावा. डावाने घोटलेला भात कितीही निगुतीने शिजवलेला असला तरी गिचकाच दिसतो.

भात तळाशी लागतो

साध्या लिंबाच्या रसापेक्षा संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस घातल्यावर ही तक्रार अधिक येते, आणि तिचे कारण साखर हे आहे. संत्र्याच्या रसात साधारण ८ ते १० टक्के साखर असते. बंद कुकरमध्ये तांदूळ पाणी शोषून घेतो, तळाशी उरलेला रस दाट होत जातो आणि शेवटच्या दोन मिनिटांत तो पातळ तळाच्या भांड्यात करपतो. विजेवरच्या कुकरात अशा वेळी तळ करपल्याची सूचना येऊन शिजणे मध्येच थांबते आणि भात अर्धवट राहतो. तांदूळ आधी तुपात परतला असेल तर परतताना चिकटलेले कण पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडून सुटे करावेत. ते तसेच राहिले तर करपण्याची सुरुवात तेथूनच होते.

संत्र्याचा भात करायचाच असेल तर तो कुकरच्या आत वेगळ्या भांड्यात लावावा. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी आणि जाळी, त्यावर तांदळाचे झाकलेले भांडे, अशी रचना केली की तांदळाच्या भांड्याचा तळ आचेच्या थेट संपर्कात येत नाही. उष्णता वाफेतून पोहोचत असल्याने वेळ थोडा जास्त लागतो. मंद आचेवर ४ ऐवजी ७-८ मिनिटे धरावीत. भांड्यावर झाकणी ठेवायला विसरू नये, नाहीतर कुकरच्या झाकणावरून गळणारे पाणी भातात साचते. मला स्वतःला याहूनही चांगला वाटणारा मार्ग असा की संत्र्याचा रस उघड्या भांड्यात आटवून एक तृतीयांश करावा, भात साध्या पाण्यात शिजवावा आणि तो दाट रस, सालीचा किस व लिंबाचे थोडे थेंब वरून मिसळावेत. संत्र्याचा आंबटपणा भातासाठी अपुरा असतो, म्हणून लिंबाचे ते थेंब टाळू नयेत.

धातू, रंग आणि वाफेची नळी

साध्या, वरती कोणताही लेप नसलेल्या ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये आंबट भात शिजवल्यावर कुकर आतून लखलखीत होतो, हे अनेकांनी पाहिले असेल. ते आनंदाचे लक्षण नाही: सायट्रिक आम्लाने धातूवरचा थर विरघळवलेला असतो आणि तो भातात उतरलेला असतो. भाताला करडी छटा किंवा धातूसारखी चव येत असेल तर स्टेनलेस स्टीलचे आतले भांडे वापरावे. हळद घातली असूनही भात पिवळ्याऐवजी विटकरी दिसत असेल तर पाणी क्षारयुक्त आहे असे समजावे, कारण हळदीतील रंगद्रव्य आम्लात पिवळे आणि क्षारात तांबूस दिसते. रस मिसळताच रंग आपोआप सुधारतो.

वाफेच्या नळीविषयी मात्र थोडे कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. भात शिजताना फेस येतो, म्हणून तांदूळ आणि पाणी मिळून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. सालीचे सुटे तुकडे, पाने आणि बिया फेसाबरोबर वर येऊन झाकणाच्या नळीत अडकू शकतात. दाब वाढल्याची लक्षणे दिसत असूनही शिट्टी होत नसेल तर गॅस बंद करून कुकर पूर्ण निवेपर्यंत त्याला हात लावू नये. झाकण जोर लावून उघडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. शिजवण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड दिसतो का, हे पाहायला दोन सेकंद लागतात.

आता माझ्याकडे ठरलेली पद्धत

एक वाटी, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर, लांब दाण्याचा तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुऊन अर्धा तास भिजवतो व चाळणीत दहा मिनिटे निथळतो. कुकरमध्ये चमचाभर तूप, तांदूळ, पाऊण चमचा मीठ आणि दीड वाटीला दोन चमचे कमी इतके पाणी घालतो. मीठ शिजतानाच घालावे लागते, कारण नंतर घातलेले मीठ शितांच्या बाहेरच राहते आणि आंबटपणा बोचरा वाटतो. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४ मिनिटे, मग वाफ जिरेपर्यंत थांबणे. या थांबण्याच्या वेळात लिंबू किसायचे, साल मिठात चोळून कोमट तुपात घालायची आणि त्यानंतरच लिंबू चिरून पिळायचे. हा क्रम उलटा केला तर पिळलेले लिंबू किसता येत नाही, हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवलेले असते. ताटात पसरलेला भात हाताला सोसेल इतका गरम असताना दोन मोठे चमचे रसापैकी दीड चमचा चहूकडे शिंपडतो, एका जागी ओतत नाही. मग सालीचे तूप घालून काट्याने हलक्या हाताने वरखाली करतो. उरलेला अर्धा चमचा वाढण्यापूर्वी चव पाहून घालतो, कारण भात रस आत ओढून घेतो आणि दहा मिनिटांपूर्वी नेमका वाटलेला आंबटपणा तोवर मवाळ झालेला असतो.

बिघडलेला भात सावरायचा असेल तर

भात फार आंबट झाला असेल तर त्यात साधा भात मिसळणे हा एकमेव खात्रीचा उपाय आहे. चिमूटभर साखरेने धार कमी होते, पण चमचाभर साखरेने तो वेगळाच पदार्थ होतो. खाण्याचा सोडा घालून आंबटपणा मारण्याचा सल्ला ऐकिवात असेल तर तो मानू नये, कारण आम्लापासून तयार होणाऱ्या क्षारामुळे भाताला मचूळ, खारट चव येते. कडूपणा काढता येत नाही. थोडे मीठ आणि तूप वाढवून तो झाकता येतो, तोही सौम्य असेल तरच. कणी राहिली असेल तर भातावर दोन-तीन चमचे उकळते पाणी शिंपडून, झाकण नुसते ठेवून, अगदी मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. पुन्हा दाब आणण्याची गरज नसते. आसट भात ताटात पसरून पंख्याखाली ठेवावा आणि पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच रस घालावा, तोही नेहमीपेक्षा कमी. तळाशी लागला असेल तर खरवड न ढवळता वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा, आणि ताज्या सालीचा किस त्यावर नेहमीपेक्षा जरा सढळ हाताने घालावा.

उरलेला लिंबूभात आंबट आहे म्हणून टिकेल, हा समज चुकीचा आहे. भातात आढळणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूची बीजाणू अवस्था शिजवूनही नष्ट होत नाही आणि चवीपुरत्या लिंबाने येणारी आम्लता त्याला रोखायला पुरेलच असे नाही. दोन तासांच्या आत भात पसरून निववावा आणि ५ अंशांखाली फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी शिते टणक झालेली असतात, ती पाण्याचा हबका मारून चांगली वाफवली की पुन्हा मऊ होतात. वास मात्र परत येत नाही, तेव्हा सालीचा किस नव्याने घालावा. कुकरच्या रिंगला लिंबाचा किंवा आधीच्या भाजीचा वास धरून राहत असेल तर ती धुऊन, झाकणात न बसवता, मोकळ्या हवेत वाळू द्यावी, आणि जमल्यास भातासाठी वेगळी रिंग ठेवावी.